दादांनी आवळलेलं चाक

पनवेलच्या सायकल मंडळाची शोकसभा ठरल्या वेळेला सुरू झाली, आणि तुळशीरामदादा खरोखर गेले हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या मनात उतरलं. ते असते तर पाऊण तास उशीर नक्की होता. दारात उभे राहून प्रत्येकाची सायकल हलवून, ठोकून, मालकाला दोन शिव्या हासडल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नसत. त्या शिव्यांवर मंडळाचं फार प्रेम होतं.

शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन तीसेक मोठी माणसं दुःखी बसली होती. चारुदत्त मंडळाचा चिटणीस. धंद्याने विम्याचा एजंट. म्हणजे घरोघरी मरणाचा विषय काढून वर चहाही पिऊन येणारा माणूस. आज त्याला फक्त दुखवट्याचा ठराव वाचून खाली बसायचं होतं. पण तो ठरावाच्या कागदाची घडी घालत, उलगडत बसला होता.

कारण संजना. दादांची एकुलती एक मुलगी. सकाळीच ती त्याच्या घरी येऊन गेली होती.

"काका, उद्या मी पोलीस चौकीत जाणार. कान्हावर तक्रार देणार. मंडळाने माझ्यासोबत यायला हवं. आजच्या सभेत सगळ्यांसमोर ठरवून टाकू."

कान्हा म्हणजे दादांच्या दुकानात पंक्चर काढणारा, हवा भरणारा गडी. नेऱ्याच्या पुढच्या कातकरी वाडीतला. दाढी पांढरी व्हायला लागेतो दादांकडेच राबलेला. संजनाचा हिशेब सरळ होता. बाबांच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचे नट सैल राहिले, म्हणून बाबा गेले. बाबा सैल ठेवणार नाहीत. दुकानात माणसं दोनच. म्हणजे कान्हा.

हिशेबात चूक एवढीच, की दादांनी कान्हाला पान्याला हात लावू दिला नव्हता. त्यांनी तो सख्ख्या मुलीलाही लावू दिला नव्हता. ही गोष्ट मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

आणखीही एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती. दोनेक वर्षांपासून साखरेने दादांच्या बोटांची जाणीव नेली होती. नट किती आवळला गेला हे त्यांना कळेनासं झालं होतं. ते पूर्वीच्याच ऐटीत पाना मारायचे, "जा, आता हिमालयात ने" म्हणायचे, आणि माणूस टपाल नाक्याच्या वळणापर्यंत जातो न जातो तोच हँडल एकीकडे, चाक दुसरीकडे.

पण दादांना सांगणार कोण? या माणसाने अर्ध्या पनवेलला सायकल शिकवली होती. चारुदत्तलाही, कानाखाली वाजवून. शेवटी चारुदत्तने पोक्त मार्ग काढला. सायकल दादांकडे द्यायची, शिव्या खायच्या, पैसे द्यायचे, आणि मग गुपचूप नवीन पनवेलला हरेशच्या दुकानात नेऊन तीच कामं पुन्हा करून घ्यायची. आपण एकटेच असे गद्दार, असं त्याला वाटायचं. एके दिवशी हरेशकडे मंडळाचे अध्यक्ष दयाराम भेटले.

"तू इकडे कुठे?"

"सहज. भावाकडे आलो होतो. तुम्ही?"

"मीही भावाकडेच."

दोघांनाही भाऊ नव्हता. मग हळूहळू कळलं की सगळं मंडळच भावाकडे येतं. त्यानंतर एकमेकांसमोर यायला नको म्हणून न बोलता वार ठरून गेले. मंडळाच्या इतिहासात इतकं शिस्तीत दुसरं काही झालं नव्हतं.

सभेत दयाराम बोलायला उभे राहिले. "दादांचा हात लागला की सायकल नवी व्हायची! शेवटच्या दिवसापर्यंत तो हात तसाच होता!"

शेवटच्या बाकावर हार घेऊन आलेला हरेश खोकला. तीस माणसांचा श्वास अडकला. पण तो नुसताच खोकला होता.

मग संजना उठली. "मला एकच विचारायचंय. चूक कान्हाची आहे, हे मंडळाला मान्य आहे ना?"

"निष्काळजीपणा तर झालाच आहे," दयाराम म्हणाले. कुणाचा, ते म्हणाले नाहीत. माना हलल्या.

कान्हा दाराबाहेर चपलांपाशी उभा होता. "ताई, मी पान्याला हात नाय लावला. दादा लावू देत नवते. यांना इचारा."

"मग बाबांनी सैल ठेवले?"

"तसं कोण म्हणेल!" दयाराम घाईने म्हणाले, आणि सगळे छताच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

"चारुदत्तकाका, तुम्ही सांगा. तुम्ही बाबांच्या मागेच होता."

होता खरा. महिन्याची फेरी, आपट्याला निघालेली. कर्नाळ्याचा उतार. दादा नेहमीसारखे सर्वांत पुढे. त्यांचं पुढचं चाक सुटलं आणि एकटंच, सरळ, जराही न डगमगता उतारावरून पुढे निघून गेलं. दादा रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळले, ते तिथेच राहिले. आता नुसतं 'हो' म्हटलं की दादांचं नाव राहत होतं, तीस जणांची अब्रू राहत होती. उद्या फक्त एक माणूस चौकीत जाणार होता, आणि त्याच्यासाठी तिथे कुणी जाणार नव्हतं.

"संजना," चारुदत्त म्हणाला, आणि आवाज त्याचा त्यालाच परका वाटला, "कान्हाने काही केलं नाही. दादांच्या बोटांना कळत नव्हतं गं."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि तुमची चाकं? ती कशी नाही सुटली?"

माना पुन्हा पंख्याकडे वळल्या. शेवटी मागून हरेश उठला. हार अजून त्याच्या हातातच होता. "ताई, माझ्याकडे यायचे. नट आवळून घ्यायला."

"कोण कोण?"

हरेशने बाकांवरून नजर फिरवली. "कोण येत नव्हतं ते सांगतो. दादा."

संजना खाली बसली. ती स्वतःच्या बोटांकडे बघू लागली. "म्हणजे आपापल्या सायकली नीट करून घेतल्यात सगळ्यांनी," ती हळू म्हणाली.

"आम्हाला त्यांचं मन मोडायचं नव्हतं," कुणीतरी पुटपुटलं.

"मना का नाय सांगला?" दारातून कान्हा ओरडला. इतक्या वर्षांत त्याचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "त्यांची सायकल रोज सांजचे मीच आत घेत होतो. त्यांची नजर चुकवून पाना मारला असता! एक शबूद सांगायचा होता. तुमी शिकलेली मानसं, तुमाला एक शबूद नाय जमला?"

संजना उठून दाराशी गेली. "कान्हा, माझं चुकलं."

"तुमचा नाय, ताई," कान्हा म्हणाला. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो बाकांकडे बघत होता. मग चपला शोधून तो निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग संजनाही.

दयारामांनी प्रसंग ओळखला. "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

बाकं खडखडली. तीस माणसं माना खाली घालून उभी राहिली. चारुदत्तही राहिला. शेजारच्याने सावकाश, कुणाला कळू नये असं, त्याच्यापासून वीतभर अंतर घेतलं. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली. पण बसा म्हणायला आता कुणाचं तोंड उघडेना.