परातीतले हिरवे खडे

उकंडरावच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध परात, परातीत बोराएवढे हिरवे, चकाकते खडे.

"ग्यारा!" खडेबाबा गरजला. "ग्यारा खडे, ग्यारा करन्या! देखो! विलायतेच्या डॉक्टरच्या बापाले जमनार नाही!"

बायांनी हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला बोलू?

ही १९६४ ची गोष्ट, वरवट बकालजवळच्या आमच्या खेड्यातली. उकंडरावची बायको शालूबाई महिनाभर उजव्या बरगडीखालच्या कळांनी तडफडत होती. शेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पित्ताच्या पिशवीत खडा आहे, अकोल्याला नेऊन ऑपरेशन करा. तेवढ्यात हा बाबा उगवला. त्यानं तिला दिवसभर उपाशी ठेवलं, पापडखाराचं पाणी पाजलं आणि संध्याकाळी लिंबू पिळून तांब्याभर जवसाचं तेल. सकाळी ती परसाकडेला गेली तेव्हा हे खडे पडले.

"करनी कोनं केली, बाबा?" उकंडरावनं विचारलं.

बाबानं डोळे मिटले. "घर की है. कोरं कपाळ. तिचे दात पाडले का मंत्र मरते."

घरात विधवा एकच, उकंडरावची भावजय रुखमाबाई. त्याची आई मेल्यावर तिनंच त्याला भाकरी भरवून वाढवलं होतं.

उकंडरावनं वरवंटा उचलला.

"अरे, म्या तुले..." एवढंच ती बोलली. गर्दीतलं कोणी हललं नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या मास्तरीणबाई सिंधूताई संग्रामपूरहून परतल्या. रुखमाबाईचं फुटलेलं तोंड पाहून त्यांनी झालं ते सगळं विचारून घेतलं. दिवसभर उपाशी राहिल्या, पापडखार प्यायल्या, वर तेल ढोसलं. दुसऱ्या दिवशी उकंडरावच्या अंगणात येऊन, अजून तिथंच मुक्कामाला असलेल्या बाबासमोर त्यांनी वाटी ठेवली.

"हे माहे खडे. नऊ. माहं पोट कधी दुखलं नाही. मले कोनं करनी केली?"

"तुम पर भी किसी ने..." बाबा चाचरला.

सिंधूताईंनी एक खडा पाण्यात टाकला. तो तरंगला. दुसरा पळीत घालून चुलीवर धरला. तो वितळला, जवसाचा वास सुटला. त्यात वात बुडवून पेटवली, तर जळू लागली.

"हे तेल हाय. तेल पाण्यात विरघळत नाही. पित्त त्याचे बारीक थेंब करते, तवा ते पचते. जगायले तेल-तूप लागतेच. अंगातल्या पेशीपेशीचं आवरनही अशाच स्निग्ध पदार्थाचं असते. पन तांब्याभर एकदम पचत नाही. उरलेलं खाराशी मिळून साबनावानी गोळे होतेत. रंग पित्ताचा."

बाबानं झोळी उचलली.

"मंग शालूच्या पोटात खडा नाही?" उकंडरावचा चेहरा उजळला.

"हाय. खरा खडा पडलाच नाही. तेल पोटात गेलं का पित्ताची पिशवी जोरानं आवळते. तो खडा पित्ताच्या नळीत अडकला असन."

आत शालूबाई हळदीसारखी पिवळी पडली होती, तापानं बरळत होती. बैलगाडी जुंपली. शेगाव दिसू लागलं तेव्हा ती गेली होती.

तिला शेवटची आंघोळ रुखमाबाईनं घातली. उकंडराव पाया पडायला वाकला, तर तिनं पाय मागं घेतले.

बाबाला पोलिसांनी धरलं. वरवंटा उचलणाऱ्याला आणि बघत उभ्या राहिलेल्या आम्हाला कोणी धरलं नाही. म्हणून सांगतो, चमत्कार दाखवणाऱ्याला "कसं?" एवढं तरी विचारा. लाजू नका, भिऊ नका. त्या सकाळी अंगणात दोनशे तोंडं होती. एकानंही विचारलं नाही.