कापलेल्या जाळीचे दोरे

मी एक जुनी शिडी आहे. लाकडी, घडीची, दोन पाय पुढे आणि दोन मागे फाकून उभी राहणारी. मित्रांनो, शिडीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. चार माणसं वर चढली, चार खाली उतरली, संपली गोष्ट. पण माझ्या सगळ्यात खालच्या पायरीला काही दोरे बांधलेले होते. पांढरे, जाड, धुळीने मळलेले. त्या दोऱ्यांमुळे मी बरीच वर्षं शरमेने काळोखात उभी होते, म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका सुताराच्या हातून झाला. पाइनचं चांगलं लाकूड निवडून त्याने मला घडवलं, पण माझा मागचा डावा पाय कापताना त्याचं लक्ष कुठे होतं देव जाणे, तो किंचित आखूड राहिला. त्यामुळे वर कोणी चढलं की मी जराशी डुगडुगते. खालून कोणी हात लावला तर खांबासारखी उभी राहते. अशी मी डाकोटाच्या माळावरच्या ओरिन गावी आले, तिथल्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये. दिवे बदलायचे, जळमटं काढायची, नाताळात चांदणी टांगायची, बास्केटच्या लोखंडी कड्यात अडकलेला चेंडू काढायचा, ही माझी कामं. मी ती इमानाने केली.

पण माझा जीव अडकला होता भलत्याच कामात. या खेळात एक रीत आहे. मोठी स्पर्धा जिंकली की कड्याखाली शिडी लावतात. एकेक खेळाडू वर चढते आणि कात्रीने जाळीचा एक दोरा कापून घेते. प्रशिक्षक सगळ्यात शेवटी चढते, उरलेली जाळी काढून गळ्यात घालते, आणि सारा हॉल टाळ्यांनी दणाणतो. हे भाग्य माझ्या वाट्याला येणं अवघड होतं. आमच्या गटाची, म्हणजे आसपासच्या कॉलेजांची, स्पर्धा व्हायची दूर शहरात, आणि तिथे चकचकीत अॅल्युमिनियमची शिडी होती. ती स्पर्धा जो संघ जिंकेल तो थेट राष्ट्रीय स्पर्धेत जायचा. बाकीच्यांनी संघ निवडणाऱ्या समितीच्या तोंडाकडे बघत बसायचं. एकूण संघ घेणार अडुसष्ट, आणि आशेवर बसणारे साडेतीनशेच्या घरात.

ओरिनच्या मुली त्या अडुसष्टांत कधीच गेल्या नव्हत्या. आमच्या क्रीडा संचालकांनी, म्हणजे वेन क्रूगर यांनी, मोठ्या हौसेने भिंतीवर एक फळा लावला होता. वर सोनेरी अक्षरांत ‘राष्ट्रीय स्पर्धा’ आणि खाली वर्षांसाठी कोरी जागा. आमच्या संघाचं नाव रानकोंबड्या. बाहेरगावचे पोरगे सामना बघायला आले की तो कोरा फळा बघून विचारायचे, “काय कोंबड्यांनो, अंडं कधी घालणार?”

मग ते वर्ष आलं. प्रशिक्षक होत्या मॅव्हिस ओस्टबी, सगळ्यांच्या ओस्टबीबाई. मोजकं बोलणाऱ्या, थर्मासातली कडू कॉफी पिणाऱ्या, आणि स्तुती केली की चिडणाऱ्या. कर्णधार टेरिन हॉफ्लंड ही गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. कॉलेजातलं तिचं शेवटचं वर्ष होतं, राहिलं तर कायमचं राहिलं. त्या हंगामात या पोरींनी धूम केली. घरचा शेवटचा सामना जिंकून त्या गटाच्या साखळी सामन्यांत पहिल्या आल्या, आणि क्रूगरसाहेब स्वतः मला खांद्यावर घालून मैदानात आले.

“वेन, ती शिडी आत ठेवा,” बाई म्हणाल्या. “आपण अजून काही जिंकलेलं नाही.”

“सत्तावीस सामने जिंकलोय, मॅव्हिस. आता समितीच्या बापालाही आपल्याला डावलता यायचं नाही.”

“समितीच्या बापाची आणि माझी ओळख नाही. पुढच्या आठवड्यात गटाची स्पर्धा आहे, एवढं मला माहीत आहे.”

“अहो, पोरींची तोंडं तरी बघा.”

बाईंनी बघितलं. टेरिनने कात्री आधीच पैदा केली होती. “पाचच मिनिटं, कोच. शहरातली शिडी मिळेल तेव्हा मिळेल. ही आपली आहे.”

बाई हसल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. पोरी एकामागून एक माझ्यावर चढल्या. गावातली माणसं मला चारी बाजूंनी धरून उभी होती, मी जराही डुगडुगले नाही. शेवटी बाई चढल्या आणि जाळी गळ्यात घालून उतरल्या. कोणीतरी सगळ्याचं चित्रण केलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण त्या संध्याकाळी कोणालाच आठवली नाही. मला तर मुळीच नाही. मी आनंदाने फुगले होते.

पुढचं मी ऐकलेलं सांगते. गटाच्या अंतिम सामन्याआधी समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने आपल्या मुलींना दुसरं काही सांगितलं नाही. फक्त आमच्या जाळी कापण्याचं चित्रण दाखवलं. त्या पोरी वाघिणींसारख्या खेळल्या. आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटचा चेंडू टेरिनचा होता, तो कड्यावर फिरून बाहेर पडला. प्रेक्षकांतल्या टवाळांनी आमच्या मुलींच्या अंगावर दोऱ्याची रिळं भिरकावली आणि कोंबड्यांचे आवाज काढले.

तरी आशा होती. समिती रविवारी नावं जाहीर करणार होती. गाव हॉलमध्ये जमलं, घरोघरच्या बायकांनी खिमा-बटाट्याची भांडी आणली, मोठा पडदा लागला. मुली पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या तोंडासमोर टीव्हीवाल्यांचा कॅमेरा. क्रूगरसाहेबांनी तर फळ्यावर त्या वर्षाचे पितळी आकडे आधीच लावून वर पिवळं फडकं टाकलं होतं. नाव पुकारलं की टेरिनने चढायचं आणि फडकं ओढायचं. त्यासाठी मला फळ्याखाली उघडून ठेवलं होतं.

नावं येत गेली. बड्या बड्या कॉलेजांची, मग लहानांची, मग पुन्हा बड्यांची. हळूहळू हॉलमधले चमचे वाजायचे थांबले. शेवटची जागा गेली एका मोठ्या कॉलेजाला, जे आपल्या गटात नववं आलं होतं. आणि मग निवेदकाने, जखमेवर मीठ चोळावं तसं, थोडक्यात राहिलेल्या संघांची नावं वाचली. त्यात पहिलं नाव आमचं होतं. पंगत भरली आणि नेमके आम्हीच उंबऱ्यात उभे.

कॅमेरा अजून पोरींच्या तोंडावरच होता. एकीने जॅकेट डोक्यावरून घेतलं. भरल्या हॉलमधला प्रत्येक माणूस कुठेतरी बघत होता, पण माझ्याकडे आणि त्या पिवळ्या फडक्याकडे कोणी बघेना. मला भिंतीत शिरावंसं वाटलं. चूक लाकडाची नव्हती, हे मला कळत होतं, पण लाज काही चूक कोणाची ते विचारून येत नाही. एक म्हातारी तेवढी टेरिनजवळ गेली. “दोन घास खाऊन घे, बाळ. बटाटे अजून गरम आहेत.” टेरिनने मान हलवली आणि खाल्लं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली. माझ्यावर चढली, फडकं काढलं, पितळी आकडे उचकटून जॅकेटच्या खिशात टाकले. मी डुगडुगत होते. धरायला कोणी नव्हतं. उतरताना तिचा पाय घसरला आणि गुडघा माझ्या कडेवर आपटला. ती ओरडली नाही, तिथेच पायरीवर बसून राहिली. मग तिने मला अडगळीच्या खोलीत नेलं, आणि आपल्याकडचा जाळीचा दोरा माझ्या खालच्या पायरीला बांधला. तो फेकवतही नव्हता आणि ठेववतही नव्हता. दिवसभरात बाकीच्या पोरी एकेक करून आल्या आणि तेच करून गेल्या. बाई सगळ्यांच्या मागून आल्या. त्यांनी उरलेली जाळी बांधली, दिवा मालवला आणि गेल्या.

पुढे अॅल्युमिनियमची शिडी आली. मी हवा गेलेल्या चेंडूंबरोबर पडून राहिले. त्या हंगामाचं नाव हॉलमध्ये कोणी काढत नसे, जणू तिथे कोणी चोरी केली होती.

वर्षं गेली. टेरिन बाईंच्या हाताखाली साहाय्यक प्रशिक्षक म्हणून परत आली. यंदा हिवाळ्याच्या तोंडावर नवी शिडी छपराच्या कामाला गेली होती आणि जाळी बदलायची होती, म्हणून मला बाहेर काढलं. टेरिन वर, बाई खाली. बाई सारख्या फोनकडे बघत होत्या. राष्ट्रीय स्पर्धेतले संघ अडुसष्टवरून शहात्तर करावेत का, यावर आमच्या गटातले प्रशिक्षक फोनवर एकत्र बोलणार होते. बाई सगळ्यांत जुन्या, त्या म्हणतील तिकडे गट झुकणार.

“काय सांगणार, कोच?” टेरिनने वरून विचारलं.

“नको म्हणून.”

“का बरं?”

“वाढलेल्या जागा आपल्यासारख्यांना मिळतील असं वाटतं तुला? मोठ्या गटांतल्या दहाव्या नंबरच्या पोरी येतील. आणि सत्त्याहत्तरावं कोणीतरी असणारच. त्यांच्याही तोंडासमोर कॅमेरा असेल.”

“असू दे. पण आठ संघ खेळतील ना?”

“लोक म्हणतील, ओस्टबीला दारातून आत जाता आलं नाही, म्हणून आता भिंत पाडायला निघाली.”

टेरिन दोन पायऱ्या खाली आली. “म्हणजे तुम्हाला लाज वाटते, म्हणून दुसऱ्यांच्या पोरींनी बाहेर बसायचं.”

“तोंड सांभाळ.”

“सांभाळलंच की इतकी वर्षं. सगळ्यांनीच सांभाळलं. एकीच्याही घरात त्या हंगामाचा फोटो नाही, कोच. सत्तावीस सामने जिंकलो होतो आपण.”

बाईंनी मान खाली घातली, आणि समोर माझी खालची पायरी होती. ते दोरे त्यांनी बांधल्यापासून पाहिले नव्हते. दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून त्या खाली फरशीवर बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो बराच वाजू दिला.

“ओस्टबी बोलतेय,” त्या म्हणाल्या. “माझं मत वाढवा असं आहे. नाही, माझ्या संघाला फायदा होईल असं मुळीच वाटत नाही. मोठेच जास्त ओरपतील. म्हणून आठांतल्या निम्म्या जागा लहान गटांना राखा, हेही सांगा. होणार नाही, मला माहीत आहे. तरी सांगा.” मग पलीकडे कोणी तरी हसलं असावं, कारण बाईंचे कान लाल झाले. “हसा, हसा. हो, तीच मी. जाळी कापणारी.”

फोन ठेवून त्या दोरे सोडवू लागल्या. गाठी घट्ट बसल्या होत्या, नखं लागेनात.

“कात्री देऊ?” टेरिनने विचारलं.

“नको. एकदा कापून झालंय.”

एकेक गाठ सुटत गेली. टेरिनचा दोरा बाईंनी तिच्या हातात दिला. बाकीचे ओंजळीत धरले. “हे जिचे तिला पाठव.”

“सोबत काय लिहू?”

“लिही, तुम्ही जिंकला होतात. घाई मी केली.”

माझी पायरी मोकळी झाली. मला हलकं वाटलं, आणि थोडं उघडंही. स्पर्धा पुढे वाढली की नाही, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. अडुसष्ट बरे की शहात्तर, हे लाकडाला काय कळणार? कितीही घेतले तरी कोणीतरी दाराबाहेर राहणारच, एवढं मला दिसतं.

टेरिन मग पुन्हा वर चढली आणि तिने नवी जाळी लावली. ती खाली येईपर्यंत बाई मला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. मित्रांनो, चढणाऱ्याची शिडी धरायला सारं गाव धावतं. पण नावं जाहीर झाल्यावरच्या त्या सकाळी एक पोरगी एकटीच उतरत होती आणि माझा एक पाय आखूड आहे. कोणी उतरताना दिसलं, तर येऊन हात लावा.