न केलेल्या गुन्ह्याची कबुली

सोमवारी सेंट ओदिल गावातल्या घराघरांत राजमा शिजतो, तसा तो व्हर्ली गिलोरीच्या घरीही शिजत होता. शहात्तर वर्षांची ही बाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची, आणि डॉक्टरांनी तिला राजमा वर्ज्य केला होता. तरी ती रांधायची आणि शेजारी वाटून टाकायची. दहा वाजता तुरुंगातून लेकाचा फोन यायचा. "ममा, आज काय केलंस?" हा त्याचा पहिला प्रश्न असायचा, आणि सोमवारी त्याला दुसरं उत्तर द्यायला तिचं मन धजत नसे.

लेक लायोनेल एकोणिसाव्या वर्षी आत गेला, आता चव्वेचाळीसचा झाला होता. गावचे दुकानदार ह्युबर्ट ब्रूसार यांना भर दुपारी कुणीतरी गोळी घातली होती. पळणाऱ्याच्या डोक्यावर एकाने लांबून पाहिलेली लाल टोपी पोलिसांनी लायोनेलच्या डोक्यावर बसवली. निकाल देणाऱ्या बारा ज्युरींपैकी दोघांना ते पटलं नाही; पण त्या काळी आमच्या लुइझियानात दहा जणांचं मत पुरे होई. जन्मठेप झाली.

त्या सोमवारी फोनच्या आधी दारात गाडी थांबली. प्रिसिला ऑडम आली होती. एकोणतीस वर्षांची ही वकील मुलगी. निरपराध कैद्यांचे खटले पुन्हा उघडण्यासाठी एका संस्थेने तिला दोन वर्षांची फेलोशिप दिली होती. त्यातले चौदा महिने तिने पोलिसांच्या जुन्या कागदांत घालवले आणि एक पान शोधून काढलं. खुनाच्या वेळी लायोनेल चाळीस मैलांवरच्या पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरत होता, असा तिथल्या बाईचा जबाब. तो त्याच्या वकिलाला कधी दाखवलाच गेला नव्हता. आता त्यावर ऑक्टोबरमध्ये सुनावणी होती, आणि फेलोशिप ऑगस्टअखेर संपत होती.

"बस पोरी. खाल्लंस का काही?"

"नंतर खाते, मिस व्हर्ली. आधी ऐका. सरकारी वकिलाने निरोप पाठवलाय. लायोनेलने खुनाहून हलक्या गुन्ह्याची कबुली दिली, तर भोगलेली शिक्षा पुरे धरतील. त्याच दिवशी घरी सोडतील."

व्हर्लीने गॅस बंद केला. "घरी म्हणजे इथं?"

"इथंच. पण भर कोर्टात त्याला म्हणावं लागेल, की मी मारलं. आपली केस मागे घ्यावी लागेल. नाव कायमचं डागी राहील. त्यांचं फावतं ते यातच. त्यांना चूक कबूल करावी लागत नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"ऑक्टोबरमध्ये सुनावणी. जिंकलो तरी ते वर अपील करतील. वर्ष जाईल, कदाचित दोन."

व्हर्लीने आपला सुजलेला हात प्रिसिलापुढे धरला. डायलिसिसच्या सुयांनी तो काळानिळा पडला होता. "माझ्याकडे दोन वर्षं दिसतात का तुला?"

प्रिसिलाने तो हात अलगद खाली ठेवला.

"मग त्याला सांग, सही कर. नाहीतर मीच सांगते. मला घेऊन चल."

गुरुवारचं डायलिसिस बुडवून ती तुरुंगात गेली. नर्स फोनवर ओरडली, तेव्हा म्हातारीने फोन ठेवून दिला. भेटीच्या खोलीत लायोनेल समोर बसला. केस पिकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आईची चाकाची खुर्ची त्याने प्रथमच पाहिली.

"हे काय, ममा? राणीसारखी ढकलून घेतेस?"

"चेष्टा पुरे. प्रिसिलाने सांगितलं ना? सही कर."

त्याचं हसू ओसरलं. "शेजारणीच्या कोंबडीबद्दल खोटं बोललो म्हणून सात वर्षांचा असताना चाबकाने फोडलं होतंस मला. आणि आता म्हणतेस, माणूस मारला असं सांगू?"

"हो, म्हणते."

"ममा..."

"ऐक माझं. पंचवीस वर्षं मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून मान वर ठेवली. आता मला मान नको. तू मला हवास. सकाळी उठून स्वयंपाकघरात तुझ्या चपलांचा आवाज ऐकायचाय. मी मातीत गेल्यावर निर्दोष होऊन आलास, तर ते मला कोण सांगायला येणार?"

लायोनेलने मान खाली घातली. पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "करतो सही."

परतताना म्हातारी मुलाच्या खोलीला कुठला रंग द्यायचा हेच बोलत होती. प्रिसिलाने दोनदा गाडी चुकीच्या रस्त्याला घातली.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी कोर्ट भरलं. एका बाजूला व्हर्ली होती, मांडीवर लेकासाठी इस्त्री केलेला नवा सदरा. दुसऱ्या बाजूला नॅनेट ब्रूसार होती, मारल्या गेलेल्या दुकानदाराची मुलगी. खुनाच्या दिवशी ती अठरा वर्षांची होती, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत होती. तेव्हापासून लायोनेलचं नाव तिने तोंडातून उच्चारलं नव्हतं.

न्यायाधीशांनी ठरलेले प्रश्न विचारले. कुणी जबरदस्ती केली का? नाही. परिणाम समजलेत का? हो. प्रत्येक उत्तराला व्हर्लीची बोटं सदऱ्यावर आवळत होती.

"ह्युबर्ट ब्रूसार यांच्यावर तुम्ही गोळी झाडली, हे खरं आहे का?"

लायोनेल आईकडे वळला. तिचे ओठ हलत होते. म्हण, म्हण. मग त्याची नजर नॅनेटवर गेली. ती पुढे वाकली होती. पंचवीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो ऐकायला जीव कानात आणून बसली होती.

"मिस्टर गिलोरी?"

"नाही, साहेब," तो म्हणाला. "मी नाही मारलं. मी हो म्हटलं, तर या बाईंना वाटेल, संपलं सगळं. मग त्यांच्या वडिलांना मारलं कुणी, ते कुणी शोधणारच नाही. माफ कर, ममा. तोंडातून निघत नाही."

सरकारी वकिलाने कागद गोळा केले. देऊ केलेली सूट त्याच क्षणी संपली. लायोनेलच्या पायांत पुन्हा साखळी पडली.

बाहेरच्या व्हरांड्यात व्हर्लीने प्रिसिलाचं मनगट धरलं. "तू शिकवलंस त्याला असं बोलायला?"

"नाही, मिस व्हर्ली. देवाशप्पथ नाही."

म्हातारीने तिचं मनगट सोडलं. "मग मीच शिकवलं," ती म्हणाली, आणि तो सदरा तोंडावर धरून रडली.

सप्टेंबरच्या एकोणिसाव्या दिवशी, डायलिसिसच्या खुर्चीतच व्हर्ली गेली. लेकाला अंत्यविधीला सोडलं नाही. पाद्र्याने त्याला आई गेल्याचं फोनवर सांगितलं. पंधरा मिनिटांच्या त्या फोनवर लायोनेल एवढंच म्हणाला, "सोमवारी दहाला मी कुणाला फोन करू?"

प्रिसिलाची फेलोशिप तोवर संपली होती. ह्युस्टनच्या एका मोठ्या वकिली कचेरीत जागा तयार होती. तिने नकाराचं पत्र लिहिलं, शाळेत अर्धवेळ शिकवू लागली आणि खटला हातातून सोडला नाही. पेट्रोल पंपावरची ती बाई आता सत्तरीची होती. ऑक्टोबरमध्ये ती काठी टेकत साक्षीला आली. "मी तेव्हाही हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पुन्हा मला कुणी बोलावलंच नाही." डिसेंबरमध्ये शिक्षा रद्द झाली. सरकारने अपील केलं. मार्चमध्ये एका ओळीचं पत्र देऊन ते मागे घेतलं. त्यात चूक हा शब्द नव्हता.

लायोनेल सुटला त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर आम्ही पन्नासएक जण जमलो होतो. टाळ्या वाजल्या. गर्दीतून वाट काढत नॅनेट ब्रूसार त्याच्यासमोर आली, आणि टाळ्या थांबल्या.

"मग माझ्या बापाला कुणी मारलं?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही, मॅडम. ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

ती तिथेच पायरीवर बसली. थोड्या वेळाने तोही बसला, दोन हातांचं अंतर ठेवून.

वाचकहो, टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. घरी जाताना मला ऑस्मंड प्रॅट दिसला, कबरस्तानात गवत कापणारा. नऊ वर्षांपूर्वी एका खुनात त्यालाही असाच कबुलीचा कागद दिला होता, आणि त्याने सही केली होती. घरी लहान मूल होतं. तेव्हापासून आम्ही त्याला खुनीच म्हणतो. तो दिसला की बायका मुलांना जवळ ओढतात. तू खरंच केलंस का, हे आमच्यापैकी एकानेही त्याला विचारलं नाही. मीही नाही.

एप्रिलमध्ये संस्थेने प्रिसिलाला आणखी दोन वर्षं दिली. पहिल्याच सकाळी ती ऑस्मंडच्या दारात उभी राहिली.

"मी कबुली दिलीय, बाई," तो दाराच्या फटीतून म्हणाला. "कागदावर माझी सही आहे. आता काय उरलंय?"

"ते बघायलाच आलेय," प्रिसिला म्हणाली. "मला आत तर घ्या."

मग आतून दाराची साखळी निघाल्याचा आवाज आला.