उकंडरावाचा गुडघा

“तुले काई कराचं नाई. तू फकस्त पाय धर,” गोजराबाई म्हणाली. “बैलाचे धरतं तसे.”

उकंडराव दोर घेऊन अंगणात उभा होता. दोर त्याचाच, बैल पाडायचा. बैलाला नाल ठोकायची म्हटलं की गावाला उकंडरावच लागे. केवढाही मस्तवाल गोऱ्हा असो, हा काडीपैलवान त्याच्या पायांत दोर असा अडकवी की बैल आपणहून बसल्यासारखा खाली येई. पण थोरल्या बहिणीपुढे मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. गोजराबाई विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून चुलीपासून देवापर्यंत सगळं तिच्याच हुकमानं चालत होतं.

खाटेवर त्याची लेक पंचफुला कण्हत होती. अकरा वर्षांची पोर, डोळे हळदीसारखे पिवळे. थंडी वाजली, उन्हात हिंडली, जत्रेत धावली, की तिची हाडं ठणकायला लागत. काही दिवस तळमळायची आणि एका सकाळी उठून खेळायला पळायची. मग जो तो म्हणे, नाटकं करते. वाशिमच्या डॉक्टरानं संधिवात म्हणून पुड्या दिल्या. शेजारणी येऊन पाय दाबून जात, आणि त्या कधी जातात याची पोर वाट बघे. पाणी तर कुणी पिऊच देईना. हाडात शिरतं म्हणे! उकंडराव गोठ्यात जाण्याच्या निमित्तानं तिला कोमट पाणी पाजून येई, गरम मिठाची पुरचुंडी गुडघ्यावर ठेवी, आणि बहिणीला कळलं तर, या भीतीनं घामाघूम होई.

आज गोजराबाईनं जवळच्या मालेगावहून डाग देणारा शालिग्राम बोलावला होता. त्याचा विळा निखाऱ्यांत लाल होत होता.

“एकच डाग,” शालिग्राम म्हणाला. “सात पिढ्या दुखनं फिरकनार नाई.”

“मागल्या का पुढल्या?” उकंडरावाच्या बायकोनं, रंगूबाईनं, दारातून विचारलं.

“तू गप वं!” गोजराबाई कडाडली. “उकंड्या, धर पाय.”

पंचफुलानं दोराकडे पाहिलं. पाय पोटाशी ओढून घेतले, आणि त्यानंही कळ आली म्हणून ओठ दाबले. नाल ठोकण्याआधी बैल असाच पाय आखडतो. बैलाला उकंडराव चुचकारी. पोरीला काय सांगणार?

“माहाबी गुडघा दुखते,” तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला.

“कवापासून?”

“आत्ता... म्हंजे लय दिवस झाले. बैलानं लाथ मारली होती. आधी मले डाग द्या. मले गुन आला का मंग पोरीले. मी बाप हाये, पयला मान माहा.”

थोरलेपणाचा मान गोजराबाईनं जन्मभर वसूल केला होता. आता तिला नाही म्हणता येईना. शालिग्रामाला काय, विळा तापलेलाच होता.

“पाय कोन धरते?”

“कायले? मी का बैल हाये?” असं म्हणून उकंडरावानं धोतर वर केलं.

मग जी आरोळी उठली, ती ऐकून गोठ्यातल्या गाईनं दावं तोडलं. शेजारचे म्हातारे बबनराव साप निघाला समजून काठी घेऊन धावत आले. उकंडराव शालिग्रामाच्या गळ्याला लोंबकळला होता, आणि शालिग्रामाचं पागोटं कोंबड्यांच्या पाण्यात तरंगत होतं. खाटेवरून खुदकन आवाज आला.

“हासू नोको वं, दुखते ना तुले,” रंगूबाई म्हणाली.

“दुखते,” पंचफुला म्हणाली, आणि पुन्हा हसली.

“झालं ना? आता पोरीले,” गोजराबाई म्हणाली.

“गुन तं येऊ दे, बाई.” उकंडराव चार पावलं लंगडला. “दुखूनच राह्यला.”

“डागानं दुखत असन.”

“मले कसं समजन, कोनतं दुखनं कोनाचं?”

शालिग्रामालाही ते सांगता येईना. पुढच्या बाजाराला येतो म्हणाला.

पुढच्या बाजारी उकंडराव लंगडतच होता. जखम भरली, खपली पडली, पाय काही सुधारेना. लोक ‘लंगडा उकंड्या’ म्हणू लागले. गोठ्यामागे कुणी नसलं की तो सरळ चालून घेई. “माह्या भावाचा पाय खाल्ला मेल्यानं,” म्हणत गोजराबाई रोज त्याचा धडधाकट गुडघा तेलानं चोळी. आणि लंगड्या माणसानं खाटेशी बसून लेकीला पाणी पाजलं तर त्यात बोलण्यासारखं काय?

पंचफुलाचं दुखणं मात्र येतच राहिलं. वर्षभरानं तिला मालेगावला मावशीकडे असताना कळ आली. उकंडराव तिला पाठुंगळी घेऊन घरी निघाला. समोरून शालिग्राम येताना दिसला.

“बा,” ती कानाशी पुटपुटली, “लंगड ना.”

त्यानं एक पाऊल लंगडत टाकलं. हिसका बसला तशी तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतली.

तो थांबला. मग सरळ चालू लागला.

“अरे वा! आला ना गुन!” शालिग्राम म्हणाला. “मंग पोरीले कवा आनतं?”

“आनत नाई.”

“काहून?”

“नाई म्हंजे नाई.”

शालिग्राम मागून काहीबाही बोलत राहिला. उकंडरावानं वळून पाहिलं नाही. भरलेली घागर न्यावी तसा तो अंग न हलवता चालत होता. एका वर्षात पोर वाढायला हवी होती. पाठीवर ती बारा वर्षांच्या पोरीएवढी जड लागत नव्हती.