चार दिवसांचं कार्ड

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची आम्ही सहा मुलं नवापूर तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंगला आलो, तेव्हा सहाही जणांच्या हातात स्टेथोस्कोपपेक्षा मोबाइलच जास्त वेळ असायचा. उजळणीचं एक अॅप होतं. आमच्या आधीच्या बॅचेसनी त्यात बाराशे कार्डं जमवून ठेवली होती. पुढच्या बाजूला पेशंटची हकिगत, मागे निदान. उत्तर मनात ठरवायचं, कार्ड उलटायचं आणि खालच्या तीनपैकी एक बटण दाबायचं. ‘पुन्हा’ दाबलं की कार्ड एका मिनिटात परत येतं, ‘बरोबर’ दाबलं की दहा मिनिटांनी, ‘सोपं’ दाबलं की चार दिवसांनी, त्याच वेळेला. कार्डाची वेळ झाली की फोन वाजायचा.

धीरज सर आमचे सीनियर. कार्डं आमच्या हवाली करताना ते म्हणाले होते, “खोटं बटण दाबायचं नाही. आलं नाही तर ‘पुन्हा’. अॅपला फसवलंत तर परीक्षेत तुमचीच फजिती.” हा नियम आम्ही सगळेच पाळायचो, मी जरा जास्तच. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी माझं बोट ‘पुन्हा’वर. माझी रूममेट काजल म्हणायची, “मयूरी, तू स्वर्गात गेलीस तरी फेरपरीक्षा मागशील.”

एका सोमवारी सकाळी कार्ड आलं. ‘तिशीची बाई. जमिनीवर झोपली होती. पहाटेपासून पोटात दुखतं. पापण्या उघडत नाहीत. चाव्याची खूण नाही.’ मण्यार, दुसरं काय असणार? मी ‘सोपं’ दाबलं. पाऊण तासाने शांतीबाई नावाच्या बाईला जीपमधून उतरवलं, तेव्हा तिचा हात पोटावर होता आणि डोळे अर्धवट मिटलेले. घरचे म्हणत होते, पित्त झालंय. मी म्हणाले, मण्यार. डॉक्टरमॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि इंजेक्शन सुरू केलं. बाई वाचली. मी योगायोग म्हणून सोडून दिलं आणि दोन दिवस कॉलर ताठ करून फिरले.

गुरुवारी आलेलं कार्ड असं होतं. ‘म्हातारा. मणिबेलीचा, आता मुलीकडे राहतो. कॉट पाच. दम लागतो.’ हे तर आमच्या वॉर्डातले रेवजीबाबा. त्यांचं कार्ड कुणी केलं म्हणून मी पाचही जणांना विचारलं. कुणीच केलेलं नव्हतं. निदान मला आलं, औषधाचा डोस मात्र चुकला. नियम तो नियम, मी ‘पुन्हा’ दाबलं. रेवजीबाबा तेव्हा खिडकीशी बसून चहात बिस्किट बुडवत होते. मिनिटभरात बशी फुटल्याचा आवाज आला. मॅडम धावत आल्या, करायचं ते सगळं केलं, पण बाबा गेले. मी खिशातून फोन काढला. पडद्यावर त्यांचंच कार्ड परत आलेलं होतं.

त्या दिवसापासून मी खोटारडी झाले. वॉर्डातल्या कुणाचंही कार्ड येवो, उत्तर माहीत असो नसो, ‘सोपं’. डोस आठवत नसला तरी ‘सोपं’. चार दिवसांनी कार्ड आलं की परत ‘सोपं’. अंघोळीला जाताना फोन बरोबर, जेवताना ताटाशेजारी फोन. आमच्या वॉर्डात पुढचे तीन आठवडे कुणी दगावलं नाही. मॅडम खूश होत्या. माझी झोप उडाली होती. सांगणार कुणाला? मलाच एखाद्या कॉटवर झोपवलं असतं.

मग तो मंगळवार. अकरा वाजले होते. ‘अठ्ठावन्न वर्षांचा शेतकरी. तापीकाठी केळीचा मळा. मुलीला डबा द्यायला आला आहे. तक्रार नाही.’

मी मान वर केली. वॉर्डाच्या दारात माझे वडील उभे होते, हातात कळण्याच्या भाकरीचा डबा, अंगात धुवट सदरा. “कयनानी भाकर शे. तुन्ही मायनी ठेचा बी दिधा,” आप्पा म्हणाले.

मी कार्ड उलटलं. मागची बाजू कोरी होती. कार्ड नुसतं बंद करून बसायची माझी हिंमत झाली नाही. मी ‘सोपं’ दाबलं. इतकं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

चार दिवस हातात होते. मी आप्पांना तसंच सुरतेला नेलं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं. शुक्रवारी सगळे रिपोर्ट चांगले आले. तिथले डॉक्टर हसले. “परीक्षा जवळ आली की मेडिकलच्या मुलांना घरचे सगळे आजारी दिसतात.” आप्पांनाही हसू आलं. मला त्या दोघांचाही राग आला.

शनिवारी परतताना विसरवाडीला बस बदलायची होती. माझ्या फोनची बॅटरी संपत आलेली. हायवेवरच्या हॉटेलात मी तो चार्जिंगला लावला आणि आप्पांना शेजारच्या बाकावर बसवलं. पावणेअकरा झाले होते. पाच मिनिटांत येते म्हणून मी बाथरूमकडे गेले. तिथे बायकांची ही मोठी रांग. परत आले तेव्हा अकरा नुकतेच वाजून गेले होते.

“तुन्हा फोन वाजी ऱ्हायना व्हता,” आप्पा म्हणाले. “लोके माले देखाले लागनात. मी बंद करी दिधा.”

“कसा बंद कया, आप्पा?”

“हात लावा तं खाले तीन बटनं उनात. त्याम्हातलं पयलं दाबी दिधं.”

पहिलं म्हणजे ‘पुन्हा’. त्यांना सगळं आधीच सांगायला हवं होतं. हसले असते, पण फोनला हात लावला नसता. आता ते सांगायलाही वेळ नव्हता. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची असते. भरदार होती, एकसारखी.

“काय व्हयनं तुले? मी बेस शे. औंदा केळीनं पीक असं उनं शे, तू देखशी तं...”

वाक्य तिथेच राहिलं. माझ्या बोटांखालचा ठोकाही.

मी त्यांना बाकावरून जमिनीवर घेतलं. हॉटेलवाल्याला ओरडून अॅम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. दोन्ही तळवे एकावर एक ठेवून छाती दाबायला लागले. एक, दोन, तीन, चार. सदऱ्याचं बटण तुटलं. आठ, नऊ.

तेवढ्यात बाकावरचा फोन वाजला. पडद्यावर अठ्ठावन्न वर्षांचा शेतकरी. एक हात उचलून लांबवला असता तर पोचला असता. ‘सोपं’ कुठे आहे ते मला न बघताही माहीत होतं. चार दिवस मिळाले असते. पण ठोका थांबल्यावर दाबलेलं ‘सोपं’ चालतं का, हे रेवजीबाबांच्या वेळी मी पाहिलेलं नव्हतं. छातीवरचा हात निघाला की रक्त थांबतं, हे मात्र मला पक्कं माहीत होतं.

फोन वाजत राहिला. चौदा, पंधरा, सोळा. मी हात काढला नाही.