टाकीतल्या जिवाणूची लाज

मी एक जिवाणू आहे. भूमजवळच्या एका दूध प्रकल्पामागं जी सांडपाण्याची टाकी आहे, तिच्यात राहतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला कुणी ओळखत नाही; पण आमचा वास साऱ्या वस्तीला ठाऊक झाला, त्याचीच लाज वाटते.

प्रकल्पातली यंत्रं धुतलेलं आंबूस, ओशट पाणी आमच्याकडं येतं. त्यातली घाण खाऊन आम्ही पाणी निवळ करतो. त्यासाठी हवा लागते. टाकी सांभाळणारे मुनवरभाई हवेचं यंत्र लावायचे, तळातून बुडबुडे उठायचे आणि आमची पंगत बसायची.

ऐन लग्नसराईत ते यंत्र बिघडलं. दुरुस्तीपुरतं काम थांबवा, असं मुनवरभाईंनी मालकांना, कृष्णराजांना, सांगितलं. ते म्हणाले, पाणी ओढ्याला सोडा, कोण बघतंय! मुनवरभाईंनी मान खाली घातली आणि तसंच केलं. इकडं आम्ही गुदमरलो. कितीतरी सोबती मेले. टाकी काळी पडली, सडक्या अंड्यासारखी घाण सुटली.

ओढ्याकाठच्या धुरपदाबाई विहिरीचं बादलीभर पाणी घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत.

"मुनवर, माझी हीर हाय ही. वास घेऊन बघ."

मुनवरभाईंनी वास घेतला नाही. तो त्यांच्या कपड्यांनाच होता.

बाई गेल्यावर त्यांनी पाण्याची ओढ्याकडची वाट बंद केली. मालकांना म्हणाले, "साहेब, दुसरा माणूस बघा. माझ्या हातानं आता न्हाय व्हायचं." मालक चिडले, पण टाकी काठोकाठ भरली, तेव्हा त्यांना काम थांबवावंच लागलं. यंत्र दुरुस्त झालं.

आता आमची वाढ व्हायला ताजं शेण हवं होतं, आणि जवळ गोठा होता तो धुरपदाबाईंचाच. पुढचं मला त्या शेणातून आलेल्या सोबत्यांनी सांगितलं. मुनवरभाई रिकामं घमेलं घेऊन दारात उभे राहिले. बाईंनीच घमेलं भरून दिलं.

"शेण ने बाबा. पर हीर कवा नितळंल माझी?"

"मावशी, मला न्हाय सांगता यायचं," एवढंच ते बोलले.

हल्ली ते रोज सकाळी स्वतःच्या घरचं पाणी बाईंच्या हौदात ओतून येतात. चहाला थांबत नाहीत.

टाकी पुन्हा निरोगी तपकिरी झाली आहे, आमचं पाणी स्वच्छ निघतं. येणारेजाणारे कौतुक करतात. कृपा करून ते करू नका. आमची हवा तेवढी तोडू नका. टाकीत येईल ते आम्ही खाऊ. त्या विहिरीपर्यंत आमचं तोंड पोचत नाही.