आरोहीला पळवण्याचा सीन

तिसऱ्या वेळीही आरोही हसली, तेव्हा शंतनूने कॅमेरा थांबवला आणि तिच्या आईला हाक मारली.

"ताई, तुम्हीच सांगा हिला. हिला पळवून नेतायत आणि ही खिदळतेय."

मोहिनी पुढे झाली. धारूरच्या घाटाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला पांढरी जीप उभी होती. एका वाहिनीसाठी दीड तासाचा सिनेमा बनत होता. गोष्ट होती शाळेतून घरी जाणाऱ्या मुलीला पळवून नेण्याची. शंतनू त्याचा दिग्दर्शक. महिन्याभरापूर्वी तो गावातल्या शाळेत आला, वीस-पंचवीस पोरींना धडा वाचायला लावला आणि न घाबरता वाचणारी आठ वर्षांची आरोही त्याने निवडली. पोर पळवणाऱ्याचं काम करणारा निशिकांत स्वभावाने गरीब माणूस. गालावर खोटा व्रण चिकटवून तो दोन दिवस आरोहीबरोबर सागरगोटे खेळत होता. त्याची भीती कशी वाटणार तिला?

मोहिनीने लेकीला बाजूला घेतलं.

"हे बघ, असं समज की मी कुठंच न्हाई. हाक मारली तरी मी येणार न्हाई. मंग काय करशील?"

आरोहीचं हसू थांबलं. तिने आईकडे बघितलं. पुढच्या वेळी निशिकांतने तिला उचलून जीपमध्ये टाकलं, तेव्हा ती अशी ओरडली की झाडाखाली चहा पिणारी माणसं उठून उभी राहिली.

"हेच पाहिजे होतं!" शंतनू म्हणाला. "आता लगेच जीप घाटातून जातानाचं घेऊ. वरून, ड्रोननं."

मोहिनी जीपकडे निघाली. नवरा हनुमान परळीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. फोनवर त्याने एकच अट घातली होती, पोरीला एकटं सोडायचं नाही. पण शंतनूने तिला अडवलं. वरून घेताना आत तिसरं माणूस दिसलं असतं.

"पाच मिनिटं, ताई. दुसऱ्या वळणावरून गाडी फिरवून परत."

आरोहीच्या तोंडाला सैलसा रुमाल बांधला होता. निशिकांतने जीप काढली. ड्रोन घोंघावत तिच्या मागे गेला आणि जीप पहिल्या वळणाआड झाली.

सहा-सात मिनिटांनी ड्रोन परत आला. बॅटरी संपत आली होती. जीप आली नाही.

"येईल," शंतनू म्हणाला.

दहा मिनिटं झाली. मोहिनी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. निशिकांतचा फोन लागेना; घाटात रेंजच नव्हती. ती वळणापर्यंत चालत गेली, वाकून खाली बघितलं, परत आली, पुन्हा गेली. चप्पल सारखी निसटत होती, ती तिने काढून हातात घेतली. हा निशिकांत कोण, कुठला? गाव कोणतं सांगितलं होतं त्याने? तो सागरगोटे बरे खेळतो, एवढीच त्याची माहिती तिच्याजवळ होती. त्या माणसाच्या गाडीत तिने स्वतःच्या हाताने पोर बसवून दिली होती.

"दुसरी गाडी पाठवा ना खाली."

"सामानाची गाडी गेलीय गावात. आता येईलच, ताई."

तिने दीर भागवतला फोन केला. त्याचं दुकान जवळच होतं. तो मोटारसायकल घेऊन आला तो फोन पुढे धरूनच. चेहरा उतरलेला.

"वहिनी, हे बघा. आत्ताच आलं ग्रुपवर."

बारा सेकंदांचा व्हिडिओ होता. पांढरी जीप, भोवती माणसंच माणसं, कुणीतरी ओरडत होतं, "पोरं पळवणारा घावला रे!" मध्येच एका म्हाताऱ्या बाईच्या कडेवर शाळेचा निळा गणवेश दिसला. चार दिवसांपासून घाटाखालच्या वस्त्यांवर पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा फिरत होती, हे मोहिनीनेही ऐकलं होतं. शंतनूने ठाण्यात परवानगी काढली होती, पण खालच्या वस्त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

ती भागवतच्या मागे बसली. हातातली चप्पल कुठे पडली, तिला कळलंही नाही.

खाली घडलं ते असं. दुसऱ्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट बंद पडला होता, गाडी फिरवायला जागाच नव्हती. निशिकांत आणखी पुढे गेला. घाट उतरल्यावर रस्त्यात मेंढरं आडवी आली. म्हाळू आणि साखराबाई, दोघं नवराबायको, कळप पलीकडे नेत होते. जीप थांबली. साखराबाईने सहज आत बघितलं तर तोंड बांधलेली पोर काचेवर हात आपटत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. कॅमेरा अजून डोक्यावर आहे असं समजून आरोही जीव तोडून काम करत होती.

साखराबाईने कळप हलू दिला नाही. तिने बोंब मारली, म्हाळूने काठीने काच फोडली आणि पोर बाहेर काढली. रुमाल सुटल्या सुटल्या आरोही म्हणाली, "आजी, शूटिंग हाय, शूटिंग!"

"कुठं हाय कॅमेरा?"

आरोहीने वर बोट दाखवलं. वर कोरं आभाळ होतं.

"पोरीला कायतरी पाजलंय," साखराबाई म्हणाली आणि तिला पोटाशी धरून बांधावर जाऊन बसली. तोवर वस्तीवरची माणसं धावत आली होती. निशिकांत हात जोडून ओरडत होता, पण गालावरचा व्रण अर्धा सुटून लोंबत होता. ते बघून लोक जास्तच चवताळले. वेश बदलून आलाय, म्हणाले.

मोहिनी पोचली तेव्हा रस्त्यावर चाळीस-पन्नास माणसं होती. मधे कोण आहे दिसत नव्हतं, नुसता काठीचा आवाज येत होता. ती आत घुसायला बघत होती.

"सोडा त्याला! मी आई हाय तिची! सिनेमाचं काम हाय हे!"

"कशावरून?" एक जण फिरला. "टोळीत बायापण असत्यात."

"ह्या माझ्या वहिनी हायत, धारूरच्या..." भागवत पुढे आला, तर कुणीतरी त्याची कॉलर धरली. "तू कोण बे?" दोघं-तिघं मोहिनीच्या भोवती झाले. एकाने तिचा दंड पकडला. तिने लेकीच्या नावाने हाक मारली, पण त्या गोंधळात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

बांधावर मात्र ती हाक पोचली. आरोही साखराबाईच्या हातातून सुटली, माणसांच्या पायांमधून वाट काढत आली आणि आईच्या कमरेला बिलगली. "तू न्हाई आलीस," एवढंच म्हणत राहिली. "हाक मारली तरी न्हाई आलीस."

मागून साखराबाई आली होती. तिने दोघींकडे बघितलं. मग दंड धरणाऱ्याचा हात झटकला आणि गर्दीत शिरली.

"थांबा रे! मायलेकी हायत ह्या. आपलं चुकलंय!"

कुणी थांबेना, तेव्हा ती सरळ खाली बसली आणि निशिकांतचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्यावर ओणवी झाली. वर उचललेली काठी म्हाळूची होती. ती तशीच राहिली.

"बाजूला व्हय," तो म्हणाला.

"मार की मग मला."

म्हाळूने काठी खाली टाकली. बाकीचेही एकेक पाऊल मागे सरले. काहींनी फोन खिशात घातले. पाच मिनिटांपूर्वी ओरडणारी माणसं एकदम कामाची आठवण झाल्यासारखी पांगली. पोलीस आले तेव्हा रस्त्यावर मेंढरं आणि सहाच माणसं उरली होती.

निशिकांतचा डावा हात दोन ठिकाणी मोडला, डोक्याला नऊ टाके पडले. दुसऱ्या दिवशी मोहिनी आरोहीला घेऊन दवाखान्यात गेली. आरोहीने खाटेजवळ जाऊन त्याच्या प्लास्टरला बोट लावलं.

"काका, मी लई चांगलं काम केलं म्हणून तुमाला मारलं का?"

"नाही गं," तो म्हणाला. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

शंतनू दाराशी उभा होता. दोनच सीन राहिलेत म्हणाला, आठवड्याने घेऊ. मोहिनी म्हणाली, "न्हाई." त्याने पुन्हा विचारलं नाही. उरलेलं काम पुढे दुसऱ्या कुणा मुलीने पाठमोरं केलं.

दुपारी म्हाळू आणि साखराबाई आपण होऊन ठाण्यात आले. निशिकांतने जबाबात कुणाचं नाव घेतलं नव्हतं. चेहरे आठवत नाहीत, असं सांगितलं होतं. पण म्हाळू हवालदारासमोर उभा राहून म्हणाला, "काठी माझी व्हती. लिवा."

मोहिनीही तिथेच होती. हवालदाराने तिला विचारलं, "तुमची तक्रार कुणावर?"

तिला रात्रभर डोळा लागला नव्हता. निशिकांतचा सुजलेला चेहरा सारखा समोर यायचा आणि लगेच दुसरा विचार, खरंच कुणी पोर नेत असतं तर? तर ह्याच दोघांनी ती वाचवली असती. एका मनाने तिला म्हाळूचा राग यायचा, दुसऱ्या मनाने त्याचे पाय धरावेसे वाटायचे. आणि आरोहीला तसं रडायला तिनेच शिकवलं होतं.

"पयल्यापासून सांगते," ती म्हणाली. "मी पोरीला काय सांगितलं, तेबी लिहा. ह्या बाईनं कळप आडवा घातला, तेबी. आणि ह्यांनी मारलं, तेबी."

लिहून व्हायला दीड तास गेला. म्हाळूला सही येत नव्हती. त्याने अंगठा दिला. उद्या कोर्टात यायचं, असं त्याला सांगून सोडलं.

बाहेर साखराबाई पायरीवर बसली होती. कळप सुनेवर टाकून आली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मोहिनी तिच्यापुढे उभी राहिली. 

"घरी चला," ती शेवटी म्हणाली. "भाकरी खाऊन जा."

साखराबाईने नवऱ्याकडे बघितलं. तो खाली मान घालून उभा होता.

"पोरगी भिईल ह्येंला बघून," ती म्हणाली.

"भिईल," मोहिनी म्हणाली. "तरी चला."